भेग

रस्त्यावरचा बर्फ काढायच्या कामावर विनोद हिमालयात गेला, त्याला महिना झाला होता. दुपारी त्याने केनवडला आईला व्हिडिओ कॉल लावला. त्याच्या मागे पांढराशुभ्र डोंगर आणि लख्ख ऊन.

"माय, चार दिवस सारखा बर्फ पडला, आज उघाड पडली. पर वर पाह्य, डोंगरावरच्या बर्फाले आडवी भेग पडली. सकाळी नवती. इथले लोक आज कामावर आलेच नाई. मी बी खाली कॅम्पवर जाऊ का?"

कमलीबाईने फोन डोळ्यांजवळ नेला. पांढऱ्या डोंगरावर एक बारीक काळी रेघ दिसत होती. तिला हसूच आलं.

"अरे, आपल्या वावरात उन्हायात पाय जाईन एवढ्या भेगा पडतात. भेगेले कायले भेतं? ऊन पडलं, तं काम करून घे."

"हाव, ते बी खरं हाये," म्हणत विनोदही हसला. फोन दगडाला टेकवून त्याने फावडं उचललं. त्याच्या पाठीमागची रेघ आता चांगली बोटभर रुंद दिसत होती. कमलीबाई काही बोलणार, तोच स्क्रीन पांढरी झाली आणि कॉल तुटला.

"या रेंजचं मेलीचं रोजचंच हाये," पुटपुटत ती जिना चढून गच्चीवर गेली. हात उंच करून पुन्हा पुन्हा फोन लावू लागली.

खाली ओट्यावर तिची लेक अंजू मोबाइल पाहत बसली होती. तिने मान वर केली.

"माय, वर कायले चढली? रेंज तं फुल हाये."