खाली वळलेलं हँडल

रावजी कालव्याच्या पुलावर कडेला उभा होता. वैशाखातली सकाळ, पण पश्चिमेचं वारं आत्ताच तोंडावर येत होतं. सदऱ्याच्या खिशात पिवळ्या अक्षतांची पुडी होती. लेकीचं, म्हाळसाचं लग्न आठ दिवसांवर आलं होतं आणि सख्खा धाकटा भाऊ मांडवात नसेल तर लोक नावं ठेवणार होते. लोकांचं जाऊ द्या, रावजीला स्वतःलाच भीमा हवा होता.

पाण्याच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद होऊन चार वर्षं झाली होती. पण एक रीत भीमानं मोडली नव्हती. वांगी घेऊन बारामतीच्या बाजाराला जाताना वाटेत थोरला भाऊ दिसला, की तो सायकलवरून उतरायचा. सायकल हातात धरून मुकाट्यानं पुढं चालायचा आणि दहा पावलांवर पुन्हा टांग मारायचा. तेवढ्या उतरण्यावर रावजीनं चार वर्षं काढली होती. आज तो उतरला, की आपणच हाक मारायची, असं ठरवून तो आला होता.

सणसरच्या बाजूनं भीमाची सायकल आली. रावजीनं घसा साफ केला.

सायकल त्याच्यासमोरून तशीच निघून गेली. भीमा उतरला नाही. त्यानं मान वर करून बघितलंसुद्धा नाही.

एवढंच उरलं होतं, तेही गेलं. रावजी माघारी वळला.

पुलाच्या तोंडाशी झुंबरचं सायकलचं दुकान होतं. झुंबरनं सगळं पाहिलं होतं.

"रावजीबाबा, मनाला लावून घेऊ नगा. त्यानं तुमाला बघितलंच न्हाय. परवाच रेसचं हँडल बसवून नेलंय. वारं लागत न्हाय म्हनून."

तसलंच खाली वळलेलं हँडल लावलेली एक सायकल भिंतीला टेकून होती. झुंबरनं ती धरली आणि रावजीला वर बसवलं. रावजीनं हँडलला हात घातले, तशी छाती दांडीवर आली आणि मान आपोआप खाली गेली. पुढचं चाक दिसत होतं आणि चाकापुढची हातभर जमीन. मान वर करून बघायला गेला, तर मानेला रग लागली.

"आन ह्यावर बसून मानसानं रामराम कुनाला करायचा?" रावजी म्हणाला.

"वारं तेवढं चुकतं," झुंबर म्हणाला.

दुसऱ्या दिवशी रावजी पुन्हा पुलावर आला. आज तो कडेला उभा राहिला नाही, रस्त्याच्या मधोमध उभा राहिला. थोरल्यानं धाकट्याची वाट अडवायची, याची त्याला लाज वाटत होती. शेतावर निघालेल्या दोन बाया त्याच्याकडं बघत गेल्या. तो हलला नाही.

सायकल आली. ब्रेक करकरला, चाक घसरत आलं आणि त्याच्या पायाला लागून थांबलं.

भीमाला फक्त पाय दिसला. कुणाचा का असेना, पायाला चाक लागलं म्हणून तो घाईनं उतरला, वाकला, पायाला हात लावून कपाळाला नेला. मग त्यानं वर पाहिलं. कपाळावरचा हात तिथंच राहिला.

रावजीला बोलायचं खूप होतं. त्यानं पुडी काढली आणि भीमाच्या हातात अक्षता ठेवल्या.

"म्हाळसाचं लगीन हाय. येत्या गुरवारी. तू पायजेस."

भीमानं मूठ घट्ट मिटली. त्यानं रस्त्याकडं पाहिलं, मग हँडलकडं पाहिलं. त्याचा चेहरा पडला.

"दादा, काल तुमी हितंच हुता?"

"व्हय."

"आन मी तसाच गेलो?"

चार वर्षांत भावाचा आवाज रावजी पहिल्यांदाच ऐकत होता.

"न्हाय रं," रावजी म्हणाला. "उतरला हुतास. माझंच ध्यान नव्हतं."