जास्तीचा ठिपका

ती जन्मांध, ब्रेल छापखान्यात बोटांनी मुद्रितं तपासायची. केमोथेरपीने मज्जातंतू दुखावून बोटं बधिर झाली, तर वाचनच संपणार होतं. “जीवनसत्त्वाने ते टळेलच असं नाही,” डॉक्टरांनी गोळी देतानाच सांगितलं. तरी नणंदेने एकही गोळी चुकू दिली नाही. उपचार संपले, पण वाचून बघायचा तिला धीर होईना. “वहिनी, छापखान्यातून मुलांची गोष्ट आलीय. हात लाव, चावत नाही ती!” तिने भीतभीत बोट टेकवलं, अर्ध्या ओळीतच थबकली. “अगं, या आईला नऊ हात! ‘मऊ’ हवं. ‘म’मध्ये ठिपका जास्त उठला की ‘न’ होतो.” “असू दे. आईला लागतातच नऊ!” नणंद रडत हसली. गोळीचा गुण की नशीब, कोण जाणे. तिने नणंदेचा हात धरला. त्यावरच्या भेगासुद्धा बोटांना कळल्या. “तुझेही नऊच, पण मऊ एकही नाही!”