तड्यावरची काच

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जिन्याखालच्या भिंतीला तडा गेला होता. प्राध्यापकांनी त्यावर एक काचेची पट्टी आडवी चिकटवली होती. ती पहिल्यांदा फुटली, तेव्हा त्यांनी नवी पट्टी लावली आणि झाडलोट करणाऱ्या मावशींना सगळ्यांदेखत फैलावर घेतलं. "झाडू जपून मारा जरा! पुन्हा फुटली तर तक्रार करीन." मावशींनी धसकाच घेतला. पुढे पट्टी आणखी तीनदा फुटली. दर वेळी त्यांनी प्रयोगशाळेतून तशीच पट्टी आणून गपचूप चिकटवली. कुणाला पत्ता लागला नाही, पण त्यांचं मन त्यांना खात राहिलं.

आज प्राध्यापक नव्या मुलांना घेऊन तिथे आले. "भिंत केसभर जरी हलली, तरी ही काच फुटते," ते कौतुकाने सांगत होते. "तीन वर्षं झाली, काच जशीच्या तशी! म्हणजे इमारत ठणठणीत."

जिना पुसता पुसता मावशींचा हात थांबला. त्या खाली आल्या.

"सर, चुकलं माझं. तीनदा फुटली होती. तुम्ही रागवाल म्हणून मीच बदलली."

"झाडू लागला होता?"

"लागला असेल. आठवत नाही हो. सकाळी यायचे तेव्हा फुटलेलीच दिसायची."

प्राध्यापकांचा चेहरा पांढराफटक पडला. त्यांनी आधी मुलांना बाहेर पिटाळलं, वरचे सगळे वर्ग रिकामे करायला लावले. मग मावशींना हाताला धरून बाहेर आणताना ते खाली मान घालून म्हणाले, "तुमचा झाडू लागलाच नव्हता, मावशी. पहिल्यांदासुद्धा नाही."