धम्मपालदादांचा ठिपका

धम्मपालदादा आमच्या साकीनाक्याच्या गाळ्यात डायमेकर होते. प्रत्येक साच्याच्या कोपऱ्यात ते पंचने बारीक ठिपका मारायचे आणि तो पुढे नगानगावर उमटायचा. तीच त्यांची सही. त्यांचा शेवटचा साचा इंग्लंडमधल्या एका नव्या गाडीच्या हँडलचा होता.

तेवढ्यात तो देश युरोपियन युनियनमधून बाहेर पडला. तिथून युरोपात गाड्या विकणं महागात जाणार म्हणून कंपनीने ती गाडीच रद्द केली. साचा एकदाही मशीनवर चढला नाही. रिटायर होणाऱ्या दादांना हे सांगायला माझी जीभ रेटेना. थाप मारली, "दादा, तिकडे गाडी रस्त्यावर आली. झकास चाललीय!"

काल दादा पेढे घेऊन आले. त्यांची सपना तिकडे नर्स आहे.

"शेट, पोरीने गाडी शोधली ना! बघा, आपलंच हँडल."

मोबाइलवर पांढऱ्या गाडीचं काळं हँडल होतं. कोपऱ्यात तोच ठिपका.

ते गेल्यावर मी धावत माळ्यावर चढलो. साचा गोणपाटात होता तसाच होता, वर सहा वर्षांची धूळ.

हात लावला, तर नुकताच मशीनवरून उतरवल्यासारखा गरम.