हसतमुख

"तोफांच्या आवाजाने कान गेले, हे मान्य. त्याची पेन्शन चालू आहेच," मेडिकल बोर्डाचे डॉक्टर म्हणाले. "पण कानांपायी मनही खचलं, हा वाढीव दावा कसा मानू? माणूस तर चांगला हसतोय!"

खोटं नव्हतं. मघाशी डॉक्टर कारकुनाला म्हणाले होते, "अरे, फाइल शोधतोयस की उत्खनन करतोयस?" तेव्हा सगळ्यांत मोठ्याने हसला होता तो हा निवृत्त तोफचीच.

त्याची बायको खुर्चीतून पुढे सरकली. "कशाला हसले, ते विचारा की त्यांना."

डॉक्टरांनी विचारलं. तोफची पुन्हा हसला.

मग तीच त्याच्या कानाशी ओरडली, "अहो, मघाशी कशाला हसलात?"

त्याचा चेहरा पडला. चोरी पकडली गेल्यासारखा तो डॉक्टरांकडे वळला.

"तुम्ही सगळे हसलात म्हणून, साहेब. घरीही तसंच करतो. आधी विचारायचो, काय झालं म्हणून. पण ही दरवेळी म्हणायची, 'काही नाही हो, जाऊ द्या.'"