पलंगाखालच्या विटा

"धरलंत ना नीट? काढते हं," पलंगाखालून बायको म्हणाली.

फरश्या बसवायचं काम करणाऱ्या तिच्या नवऱ्याने पलंगाची डोक्याकडची बाजू दोन्ही हातांनी उचलून धरली होती. तिकडच्या दोन पायांखाली अकरा वर्षं एकेक वीट होती. झोपेत त्याच्या घशाशी आंबट पाणी येऊ नये म्हणून डॉक्टरांनी डोकं उंच ठेवायला सांगितलं होतं. शिवाय रोज सकाळी खाण्याच्या अर्धा तास आधी एक गोळी.

"अकरा वर्षं घसरगुंडीवर झोपलेय मी," ती आतूनच बोलत होती. "म्हणे जगाच्या फरशा सपाट करतो! आणि बायको सकाळी उठते ती पाय पलंगाबाहेर घेऊन."

एक वीट निघाली. मग दुसरी.

तो वाकूनच होता. छातीच्या मधोमध निखारा ठेवल्यासारखं झालं आणि घशात आंबट चव आली. त्याने आवंढा गिळला.

"काही होतंय का?"

"छे!"

महिन्यापूर्वी डॉक्टर म्हणाले होते, "इतकी वर्षं झाली, आता गोळी कमी करून बघू. एक दिवस घ्या, एक दिवस सुट्टी. सुट्टीच्या दिवशी पोट रुसेल, जळजळ आधीपेक्षा जास्त वाटेल. थोडे दिवस कळ काढा. नाहीच जमलं तर येऊन सांगा, दुसरा मार्ग काढू." तेव्हापासून गोळ्या तिच्या ताब्यात होत्या. सुट्टीच्या दिवशी ती कॅलेंडरवर लाल फुली मारायची. पंधरा फुल्या झाल्या, नवऱ्याची एक तक्रार नाही. मग विटा तरी कशाला हव्यात, असं तिनेच आज ठरवलं होतं.

"अगंबाई! विटांखाली बघा, फरशी नवीकोरी आहे. थांबा, टेकवू नका. भोवतीचा मळ पुसून घेते." ती बाहेर आली. "फडकं कुठंय? तुमच्या पिशवीतलंच घेते."

"ते नको! सिमेंटचं आहे ते!"

"मग काय झालं? फरशीच पुसायचीय."

त्याचे हात पलंगाला अडकले होते. सोडावं तर पलंग आदळणार, धरावं तर ती पिशवीशी पोचलेली. फरशीची पातळी बघायच्या पाणसळीभोवती गुंडाळलेलं फडकं तिने ओढलं आणि घडीतून गोळ्यांची स्ट्रिप खाली पडली. जवळजवळ सगळी घरं फुटलेली.

तिने स्ट्रिप उचलून उलटसुलट केली.

"सुट्टीच्या दिवशी?"

"कामावर गेल्यावर." त्याचे दंड थरथरायला लागले होते. "पहिल्याच दिवशी सोसेना गं. वाकलं की घशाला आग."

"मग सांगायचं ना मला! डॉक्टरांना सांगायचं."

"सांगणार होतो. घरी आलो तर तू फुली मारून बसलेली. शेजारणीला सांगत होतीस, आमच्या ह्यांनी करून दाखवलं म्हणून." त्याने पलंगावरची पकड बदलली. "दुसऱ्या फुलीनंतर तर तोंडच उघडेना."

"आज घेतलीत?"

"आज काम कुठंय? घरीच आहे."

"म्हणजे आत्ता..."

त्याने मान हलवली. घाम कानामागून हनुवटीपर्यंत आला होता.

ती फडकं टाकून वळली. गुडघे टेकून पुन्हा पलंगाखाली गेली आणि विटा होत्या तिथे सरकवल्या. "टेकवा," म्हणाली.

त्याने पलंग टेकवला आणि भिंतीला पाठ लावून खाली बसला. तिने स्ट्रिप त्याच्या हातात ठेवली. कॅलेंडरजवळची लाल पेन्सिल आणली, तीही ठेवली.

"सोमवारी डॉक्टरांकडे जाऊ. खरं काय ते सगळं सांगायचं. तोवर गोळ्याही तुमच्याकडे, फुल्याही तुमच्याकडे. मी बघायचीसुद्धा नाही."

निखारा तसाच होता. स्ट्रिपमध्ये एक घर भरलेलं होतं. त्याने त्यावर अंगठा ठेवला. दाबला नाही, काढलाही नाही.

नजर पलंगाखाली गेली. एक वीट तिरकी बसली होती. तिच्या कडेला बोटभर नवी फरशी दिसत होती.

"वीट तिरकी लागलीय," तो म्हणाला. "सरळ करू?"

"राहू दे," ती म्हणाली. "परत काढायचीच आहे ना?"