कपाटाला दारं

दारातून दोघं एकदम आत आले, तर एकाने दुसऱ्याच्या पायावर उभं राहावं, एवढीच जागा. तिथेच चपलांचं कपाट, वर छत्र्यांना खुंट्या आणि बूट चढवताना टेकायला एक फळी, असं सगळं बसवून द्यायचं सुताराने कबूल केलं.

जुन्या स्टँडचा पाय मोडला होता. "धक्का लागला," आई म्हणाली. कुणाचा, ते सुताराने विचारलं नाही.

"कपाटाला दारं लावू. पसारा झाकला जाईल, जागाही मोठी वाटेल," तो म्हणाला. आईला एकदम पटलं.

"दारं नकोत," नुकतीच शाळेतून आलेली लेक म्हणाली.

"अगं, येणाऱ्याला आधी चपलाच दिसतात. बरं दिसतं का ते?"

"नकोच पण."

एरवी कशालाही मान डोलावणारी पोरगी आज हट्टाला पेटली, म्हणून सुताराला माप घ्यायला सांगून आईने तिला स्वयंपाकघरात ओढलं.

"परक्या माणसासमोर काय चाललंय तुझं? दारं लावली तर तुझं काय बिघडतं?"

लेक बाहेर ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हणाली,



"मी किल्लीने दार उघडलं की आधी चपला बघते. बाबांचे बूट दिसले, तर दार परत ओढून घेते आणि तू कामावरून येईपर्यंत जिन्यात बसते."